पूर ओसरल्यानंतर

महापुराचे पाणी उतरू लागले, की दूर राहणाऱ्या लोकांना हायसे वाटते. वर्तमानपत्रांतील बातम्या पहिल्या पानावरून आतल्या पानावर जातात, मदतीस आलेल्या नावा परत फिरतात, आणि संकट टळले अशी सर्वांची समजूत होते. परंतु ज्यांच्या घरांत पाणी शिरले होते, त्यांच्या कष्टांचा आरंभ पुष्कळदा याच दिवशी होत असतो.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि पंचगंगा या नद्यांना आलेला महापूर महाराष्ट्र विसरलेला नाही. सांगलीस आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट मानली जाते. त्या वेळी पाणी ५७ फुटांपर्यंत चढले. कोल्हापुरास राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेने ४३ फुटांची धोक्याची रेषा ओलांडून ५५ फूट गाठले. पुण्याहून बंगळूरकडे जाणारा महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला व कित्येक दिवस बंद राहिला. लक्षावधी माणसांना घरेदारे सोडून उंचावरील शाळांत, मंगल कार्यालयांत आणि नातलगांकडे आश्रय घ्यावा लागला. ज्या वर्गांत जूनपासून पाढे आणि कविता ऐकू येत होत्या, त्या वर्गांतील बाके भिंतीशी सारून तेथे सतरंज्या अंथरल्या गेल्या.

पुढे पाणी उतरले आणि माणसे घरी परतली. घरी म्हणजे कोठे? भिंतीवर पुरुषभर उंचीची चिखलाची रेघ उमटलेली. जमिनीवर वीतभर, कोठे हातभर गाळ साचलेला. कणगीतील धान्य फुगून आंबलेले. गाद्यागोधड्या पाणी पिऊन दगडासारख्या जड झालेल्या. गोठ्याकडून येणारी दुर्गंधी तर सोसवत नाही. ज्या गृहिणीने आठ दिवसांपूर्वी तोच ओटा सारवून स्वच्छ केला होता, ती आता दारात उभी राहून पाहते. तिला प्रथम काय हवे असते? अन्न हवे, हे खरेच. पण अन्नाची पाकिटे कोणी ना कोणी आणून देतोच. तिला हवा असतो एक खराटा, एक बादली, आणि साबणाची वडी. हात, पाय, भांडी, लेकरांचे अंग या सर्वांना तो गाळ लागलेला आहे, आणि तो धुऊन काढण्याचे साधन तिच्या घरातून पुराबरोबर वाहून गेले आहे.

साबणाची वडी ही इतकी साधी वस्तू, की मदत करणाऱ्यांच्या मनात ती सहसा शेवटी येते. पुरानंतर मात्र तिचे मोल फार मोठे असते. पुराचे पाणी म्हणजे काही नदीचे स्वच्छ पाणी नव्हे. गावातून जाताना ते गटारे, शौचालये, उकिरडे आणि मेलेली जनावरे या सर्वांना सोबत घेऊन जाते आणि विहिरींत, आडांत, नळांच्या फुटलेल्या वाहिन्यांत शिरते. भोवताली पाणीच पाणी असते, पण पिण्याजोगा थेंब मिळत नाही. पुणे शहराने हा विपरीत अनुभव फार पूर्वी घेतला. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खालचे खडकवासल्याचे धरणही फोडले, आणि अर्धे शहर ज्या पाण्यात बुडाले त्याच पाण्याने शहराचा पाणीपुरवठा तोडला. कारण खडकवासला हाच पुण्याचा पाण्याचा साठा होता.

अशा दूषित पाण्यापासून अतिसार, पटकी, विषमज्वर, कावीळ हे रोग पसरतात. त्यांचे जंतू पाण्यातून येतात, तसेच हातांवरूनही येतात. शौचाहून आलेला हात न धुता भाकरीला लागला, की रोगाचा मार्ग पुरा झाला. साचलेल्या पाण्यातून अनवाणी चालणाऱ्याला आणखी एक भय असते. उंदरांच्या मूत्रातील जंतू त्या पाण्यात मिसळलेले असतात आणि पायाच्या भेगांतून किंवा खरचटलेल्या त्वचेतून ते शरीरात शिरतात. या रोगास लेप्टोस्पायरोसिस म्हणतात. २६ जुलै २००५ या दिवशी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पाणी ओसरल्यावर काही दिवसांतच या तापाने अनेकांना गाठले. पाण्यातून घरी आल्यावर पाय साबणाने धुणे, कोरडे करणे आणि जखम झाकणे ही कामे सोपी आहेत. परंतु ज्याच्यापाशी साबण नाही, कोरडा पंचा नाही आणि दुसरी चप्पल नाही, त्याला तीही साधत नाहीत.

महापुरासारख्या किंवा भूकंपासारख्या संकटानंतर येणारे हे दुसरे संकट गाजावाजा न करता येते. पहिल्या संकटाची छायाचित्रे निघतात. दुसऱ्याची निघत नाहीत. एका राहुटीत एक मूल आजारी पडते, दुसऱ्या दिवशी शेजारची दोन पडतात. १९९४ च्या जुलै महिन्यात मध्य आफ्रिकेतील रवांडा देशातून पळून आलेले लक्षावधी निर्वासित गोमा या गावाजवळ, किवू सरोवराच्या काठी, येऊन राहिले. युद्धातून ते जिवंत सुटले होते. पण तेथे पुरेसे शुद्ध पाणी नव्हते, शौचालये खणण्यास जमीन खडकाळ होती. आणि महिनाभरात पटकी व हगवण यांनी सुमारे ५० हजार माणसे मृत्युमुखी पडली.

याच्या उलट घडलेली एक हकीकत आपल्या देशातील आहे. १९७१ साली पूर्व बंगालमधून भारतात आलेल्या निर्वासितांमध्ये पटकीची साथ पसरली. पश्चिम बंगालमधील बनगाव येथील लहानशा रुग्णालयात जमिनीवर पाऊल ठेवण्यास जागा उरली नव्हती. शिरेतून देण्याचे सलाइन संपत आले होते. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी एक धाडसी निर्णय घेतला. एक लिटर पाण्यास २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा या प्रमाणात मिश्रण करून ते पिंपांत भरून ठेवले, आणि रुग्णांच्या नातलगांनाच ते पाजावयास सांगितले. मृत्यूचे प्रमाण शेकडा ३० च्या आसपास होते, ते उपचार केलेल्या रुग्णांत शेकडा ४ च्याही खाली आले. मीठ आणि साखर या स्वयंपाकघरातील वस्तू. परंतु योग्य वेळी, योग्य प्रमाणात, योग्य हाती पडल्या म्हणून त्यांनी हजारोंचे प्राण राखले.

साबणाची कथाही अशीच आहे. १९९३ साली मलावी देशात मोझांबिकच्या निर्वासितांच्या एका छावणीत साबण वाटून पाहणी करण्यात आली. ज्या घरी ज्या काळात साबण शिल्लक होता, त्या घरी त्या काळात अतिसाराचे प्रसंग शेकडा २७ नी कमी आढळले. कराचीतील गरीब वस्त्यांत काही घरांना दर आठवड्याला साबण पुरवून हात केव्हा व कसे धुवावेत हे समजावून सांगण्यात आले. २००५ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्या घरांतील पंधरा वर्षांखालील मुलांत अतिसार निम्म्याहून कमी झाला, आणि पाच वर्षांखालील बालकांत न्यूमोनियाही निम्म्यावर आला. या पाहणीत आणखी एक गोष्ट दिसली, ती दात्यांनी विशेष ध्यानात ठेवावी अशी आहे. जंतुनाशक म्हणून महाग विकला जाणारा साबण आणि साधा साबण यांच्या परिणामात फरक पडला नाही. तेव्हा दहा कुटुंबांना भारी साबण देण्यापेक्षा वीस कुटुंबांना साधा साबण देणे केव्हाही अधिक शहाणपणाचे.

गोम्यासारख्या अनुभवांतून धडा घेऊन जगातील अनेक साहाय्यक संस्थांनी आणि रेड क्रॉसच्या चळवळीने १९९७ साली एकत्र येऊन आपत्तीतील मदतीची किमान प्रमाणे ठरविण्यास आरंभ केला. ‘स्फिअर’ या नावाने ती ओळखली जातात. त्यांनुसार प्रत्येक माणसास दिवसाला निदान १५ लिटर पाणी मिळावे. महिन्याला अंगाचा साबण २५० ग्रॅम आणि कपड्यांचा साबण २०० ग्रॅम मिळावा. आणि प्रत्येक कुटुंबापाशी १० ते २० लिटरची दोन भांडी असावीत, एक पाणी आणण्यासाठी व दुसरे साठविण्यासाठी. भांडी दोन कशासाठी, असा प्रश्न कोणालाही पडेल. आणण्याचे भांडे नळावर, रांगेत, चिखलात टेकते. तेच घरात पिण्यासाठी ठेवले तर स्वच्छ पाणीही घरी येऊन दूषित होते. साठवणाच्या भांड्यास झाकण हवे आणि त्यातून पाणी काढण्यास दांड्याचे ओगराळे हवे, म्हणजे हात बुडत नाही. आपल्याकडे जुन्या घरांत पिण्याच्या पाण्याचा माठ निराळा, त्यावर झाकण आणि लांब दांड्याचे ओगराळे असे. त्यामागेही हाच विचार होता.

एखाद्या शाळेने पूरग्रस्तांसाठी स्वच्छतेच्या साधनांचे संच तयार करण्याचे ठरविले, तर गणिताच्या तासाचाही चांगला उपयोग होतो. पाच माणसांचे कुटुंब धरले, तर महिन्याला अंगाचा साबण १२५० ग्रॅम लागेल. म्हणजे १२५ ग्रॅमच्या दहा वड्या. कपड्यांचा साबण एक किलो. म्हणजे पाव किलोच्या चार वड्या. शंभर कुटुंबांसाठी असे संच करावयाचे तर अंगाच्या साबणाच्या एक हजार वड्या हव्यात. पाचशे मुलांच्या शाळेत प्रत्येकाने दोन वड्या आणल्या की हिशेब पुरा होतो. पाचशे मुलांनी मनास येईल ते आणले, तर मात्र हिशेब कधीच पुरा होत नाही. एकीकडे अत्तराच्या बाटल्या साठतात आणि दुसरीकडे दंतमंजन कमी पडते. म्हणून वस्तू गोळा करण्यापूर्वी यादी करावी, आणि यादी करण्यापूर्वी जेथे मदत जावयाची तेथील ग्रामपंचायतीस, तहसील कचेरीस किंवा तेथे काम करणाऱ्या एखाद्या जाणत्या संस्थेस विचारून घ्यावे. विचारण्यात एक दिवस गेला तरी तो वाया गेला असे मानू नये.

संच भरण्यास खोक्यापेक्षा झाकणाची बादली उत्तम. खोके पावसात भिजते व फाटते. बादली पोहोचल्यावरही वर्षभर कामास येते. तिच्यात अंगाचे व कपड्यांचे साबण, एक तांब्या किंवा मग, दोन पंचे, प्रत्येकी एक दात घासण्याचा ब्रश, दंतमंजन, खोबरेल तेलाची लहान बाटली, नखे कापण्याचे साधन आणि एक बारीक दातांची फणी एवढे सहज मावते. जाड टॉवेल दिसण्यास झोकदार असला, तरी पावसाळ्यात तो दोन दोन दिवस वाळत नाही. सुती पंचा तासाभरात सुकतो. बारीक फणी हवीच, कारण एका वर्गखोलीत चाळीस माणसे झोपू लागली की मुलींच्या केसांत उवा होण्यास चार दिवस पुरतात. लहान मूल असलेल्या घरासाठी सुती लंगोट आणि दुपटी निराळी बांधावीत.

या बादलीत आणखी एक वस्तू हवी, आणि तिचा उच्चार करताना मोठी माणसे उगाच अडखळतात. घरातील स्त्रियांची आणि वयात आलेल्या मुलींची मासिक पाळी पुरासाठी थांबत नाही. गावावर संकट आले असता, परक्यांनी भरलेल्या छावणीत, एखाद्या चौदा वर्षांच्या मुलीजवळ स्वच्छ कापडाचा तुकडाही नसावा आणि तिने ते कोणाला सांगूही नये, हे हाल पुरात बुडालेल्या घराहून कमी नाहीत. म्हणून संचात सॅनिटरी पॅड किंवा स्वच्छ, मऊ, धुतलेल्या सुती कापडाच्या घड्या अवश्य असाव्यात. काय द्यावे, हे तेथील स्त्रियांस विचारूनच ठरवावे. जेथे पाणी व आडोसा आहे तेथे कापड चालते. जेथे दोन्ही नाहीत तेथे पॅड बरे, आणि ते टाकण्यासाठी कागदी पिशव्याही हव्यात. कापड द्यावयाचे तर सोबत साबण, वाळत घालण्यास दोरी व चिमटे, आणि नवी अंतर्वस्त्रे द्यावीत. नुसते कापड दिले तर मदत अर्धीच झाली. ही पुडकी स्त्रियांनीच बांधावीत आणि स्त्रियांच्याच हातून वाटली जावीत, एवढी समज दात्यांना असली पाहिजे.

जुन्या कपड्यांविषयी येथे थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. आपत्तीची बातमी आली, की घराघरांतील कपाटे उघडतात आणि गाठोडी बाहेर पडतात. देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, यात शंका नाही. पण त्या गाठोड्यांत काय असते? तुटलेल्या गुंड्यांचे सदरे, एकाच पायातले मोजे, लग्नसमारंभातील जरीचे कपडे, आणि पुष्कळदा न धुतलेले कपडे. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून आलेल्या अशा कपड्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला पडून राहिले. समुद्राने ज्यांचे सर्वस्व नेले होते, ते कोळी लोक दुसऱ्याचे मळके कपडे उचलण्यास तयार नव्हते, आणि त्यात त्यांचे काय चुकले? दात्याच्या घरातील अडगळ दूर झाली, एवढेच अशा दानातून साधते.

मात्र जुने कापड टाकाऊ असते असे मुळीच नाही. ते कोणत्या रूपात द्यावे, हा प्रश्न आहे. श्री. अंशू गुप्ता यांनी १९९९ साली दिल्लीत स्थापन केलेल्या ‘गूंज’ या संस्थेने त्सुनामीनंतर पडून राहिलेले लक्षावधी कपडे हाती घेतले, निवडले, धुतले, आणि त्यांतील सुती कापडापासून स्त्रियांसाठी पॅड तयार करण्याचे काम पुढे मोठ्या प्रमाणावर वाढविले. श्री. गुप्ता यांना २०१५ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जुन्या साडीचा आणखी एक उपयोग बांगलादेशातील खेड्यांत सिद्ध झाला आहे. जुन्या सुती साडीच्या अनेक पदरी घडीतून पाणी गाळून पिण्यास तेथील स्त्रियांना शिकविले गेले. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्या गावांत पटकीचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटले. पटकीचे जंतू पाण्यातील अतिसूक्ष्म प्राण्यांना चिकटून असतात. ते प्राणी साडीच्या घडीत अडकतात. येथे नव्या साडीपेक्षा जुनीच साडी सरस ठरते, कारण वारंवार धुतल्याने तिचे धागे फुलून विणीतील छिद्रे बारीक झालेली असतात.

गाळलेले पाणी अर्थातच पूर्ण निर्जंतुक होत नाही. ते उकळावे, अथवा त्यात क्लोरीनची गोळी टाकून निदान अर्धा तास थांबावे. या गोळ्या संचात देणे फार उपयोगाचे आहे. पण त्या सुट्या देऊ नयेत. कोणती गोळी किती लिटर पाण्यास, हे वेष्टनावरच लिहिलेले असते. वेष्टन काढले की औषधाचे ज्ञानही त्याबरोबर जाते. घर धुण्यासाठी विरंजक चूर्ण, म्हणजेच ब्लीचिंग पावडर, पाठवितानाही दक्षता घ्यावी. ते बादलीत कपड्यांशेजारी ठेवू नये. निराळ्या घट्ट डब्यातून पाठवावे. संडास धुण्याचे आम्ल आणि हे चूर्ण एकत्र आले तर विषारी वायू निघतो, ही सूचना डब्यावर ठळक अक्षरांत लिहावी.

बांधणी करताना लहान लहान गोष्टींत चूक होते. साबण आणि बिस्किटे एका पिशवीत भरली, की तिसऱ्या दिवशी बिस्किटांना साबणाची चव येते. तेलाच्या बाटलीचे झाकण चिकटपट्टीने बंद केले नाही, तर शंभर संचांतील दहा तरी तेलकट होतात. वस्तूंवरील मुदतीची तारीख पाहण्याचे काम तर पाचवीतील मुलेही नेटके करतात, आणि मोठ्यांपेक्षा अधिक काटेकोरपणे करतात. प्रत्येक बादलीत आतील वस्तूंची यादी ठेवावी. मदत परप्रांती जात असेल तर ती तेथील भाषेत असावी. २०१८ च्या ऑगस्टमध्ये केरळात महापूर आला, तेव्हा तेथे जाणाऱ्या संचात मराठी यादीचा काय उपयोग? मल्याळम् जाणणारे कोणी भेटले नाही, तर वस्तूंची चित्रे काढावीत.

सर्व संच अगदी सारखे असावेत, याला मोठे महत्त्व आहे. कोणी प्रेमाने एका बादलीत चॉकलेटचा पुडा घालतो, कोणी दुसऱ्या बादलीत खेळणे ठेवतो. देणाऱ्याला तो पुडा दिसतो; रांगेत उभ्या असलेल्या शंभर मुलांपैकी नव्व्याण्णवांना तो आपल्याला मिळाला नाही एवढेच दिसते. वाटपाच्या वेळी होणारी बहुतेक भांडणे अशा असमानतेतून निघतात. खेळणी पाठवावयाची असतील तर ती निराळी, सर्वांसाठी पुरतील अशी पाठवावीत. आणखी एक गोष्ट टाळावी. बादली हातात देताना घेणाऱ्याचे छायाचित्र काढण्याची रीत अलीकडे पडली आहे. कालपर्यंत स्वतःच्या शेतातील ऊस कारखान्यास घालणारा शेतकरी आज साबणाच्या वडीसाठी हात पुढे करतो, तेव्हा त्याची मान आपोआप खाली जाते. त्याच क्षणाचे चित्र घेऊन ते चार गावांत दाखविण्याचा अधिकार एका बादलीच्या मोलाने विकत मिळत नाही.

वस्तू केव्हा पाठवाव्यात, यालाही काळवेळ आहे. पहिल्या आठवड्यात तेथील दुकाने पाण्याखाली असतात. तेव्हा बाहेरून आलेला साबण हाच एकमेव साबण असतो. महिना लोटला, गाळ निघाला, आणि बाजारपेठेतील दुकानदाराने कसाबसा माल भरून फळ्या उघडल्या, की त्याच्यासमोर मोफत साबणाचा ट्रक उभा करणे म्हणजे त्याचे दुसरे नुकसान करणे होय. तोही पूरग्रस्तच असतो. अशा वेळी पैसे पाठवून त्याच गावातील दुकानांतून वस्तू घ्याव्यात. म्हणजे एका रुपयाने दोन घरे सावरतात.

प्रत्येक आपत्तीची गरज निराळी असते आणि यादीही त्याप्रमाणे बदलते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि सास्तूर परिसरात भूकंप झाला, तेव्हा घरेच उरली नव्हती; उघड्यावर राहणाऱ्यांना पाणी साठविण्याची भांडी आणि आडोशासाठी ताडपत्री यांवाचून स्वच्छतेची कोणतीच सोय होणे शक्य नव्हते. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीचे पाणी चिपळुणात आणि सावित्रीचे महाडात शिरले. तेथे घरे उभी होती, पण ती चिखलाने भरलेली होती. साबण लावण्यापूर्वी चिखल उपसणे प्राप्त होते, आणि त्यासाठी फावडी, घमेली, खराटे, रबरी बूट आणि पाणी फेकणारे पंप लागतात. अशा गावी जाणाऱ्या वाहनात साबणाच्या बादल्या आधी, आतल्या बाजूस रचाव्यात, आणि फावडी, घमेली व खराटे सर्वांत शेवटी चढवावेत, म्हणजे तेथे पोहोचताच वाहनाचे दार उघडले की प्रथम तेच हाती येतात.